सूर्यास्ताचं चित्र पुरावा म्हणून वाचताना

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर मी तैलरंग घेऊन बसले होते. सूर्य बुडाल्यावर इथे जेमतेम २२-२३ मिनिटांचा संधिप्रकाश मिळतो. आकाशाचा पहिला थर लागेपर्यंत म्हशी आणि त्यांच्यामागचा गुराखी दिसेनासे झाले. रंग ओलाच होता, म्हणून त्यांना आठ दिवसांनी, खोलीत बसून, आठवणीने घातलं. चित्रात संध्याकाळ एकच दिसते! तुम्ही जुनं चित्र पुरावा म्हणून वापरणार असाल, तर आधी हे लक्षात घ्या.

चित्रं खरंच अशी वापरली गेली आहेत. २००७ मध्ये ख्रिस्तोस झेरेफोस आणि सहकाऱ्यांनी १५०० ते १९०० या काळातली सूर्यास्ताची शेकडो चित्रं घेऊन आकाशातल्या लाल-हिरव्या रंगांचं गुणोत्तर मोजलं. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांनंतरच्या चित्रांत ते वाढलेलं दिसलं. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला, तेव्हा लंडनच्या चेल्सीत विल्यम ॲस्क्रॉफ्टने लालभडक आकाशाची शेकडो स्केचेस केली. पण पेस्टलमध्ये. पेस्टल वाळायची वाट बघावी लागत नाही.

मग आपल्याकडे? मद्रासकडे त्या सप्टेंबरात सूर्य हिरवा दिसल्याच्या नोंदी आहेत. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून चालू होतं. मात्र जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ दरम्यान तिथल्या विद्यार्थ्यांचं मोठं काम चाललं होतं ते अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतींचं. कॅनव्हास होता, तैलरंग होते, तयार हात होते. नजर लेण्यांच्या भिंतींवर होती. (मला याची फार चुटपुट लागते.) आबालाल रहिमान त्याच दशकात जे.जे.त शिकले, पण कोल्हापूर परिसरातली त्यांची निसर्गचित्रं नंतरची. क्राकाटोआचे कण तोवर खाली बसले होते.

शिवाय आपली एक खास अडचण आहे. मराठीत या वेळेला ‘गोरज’ म्हणतात, म्हणजे गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ. गुरं परतताना रंगवलेल्या चित्रात क्षितिजाजवळचा तांबूसपणा या धुळीचाही असू शकतो. ज्वालामुखीचे सल्फेट कण स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, सूक्ष्म; खुरांची धूळ जमिनीलगत, जाड. गुणोत्तराच्या एका आकड्यात हा फरक दिसेलच असं नाही. त्यात जवसाचं तेल आणि व्हार्निश काळानुसार पिवळं पडतं, ते वेगळंच.

म्हणून आकडा काढण्याआधी भिंगाखाली जनावरांच्या कडा बघा. आकाशाचा रंग पाठीच्या रंगात मिसळला असेल, तर दोन्ही ओले असताना, बहुधा एकाच बैठकीत लागलेत. कड स्वच्छ असेल, तर जनावर बहुधा नंतर आलंय. माझ्या म्हशींच्या कडा अगदी स्वच्छ आहेत.