सिंधुदुर्ग आणि त्याचा खडक

किल्ल्याचा इतिहास म्हटला की आपले लक्ष तट, बुरूज आणि दरवाजे यांवर खिळते; ज्या खडकावर ते उभे राहिले त्याचा विचार आपण क्वचितच करतो. मालवणच्या सिंधुदुर्गापुरती तरी ही सवय सोडावयास हवी. तेथे तटाच्या आधी खडकाने किल्ला राखला आहे.

जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वेंगुर्ल्याचे डच वखारवाले यांच्या दृष्टीसमोर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. मालवणच्या किनाऱ्यावरील ज्या शिळेपाशी मुहूर्ताची पूजा झाली, ती मोरयाचा धोंडा या नावाने आजही दाखविली जाते; तिच्यावर गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली काम सुमारे तीन वर्षे चालले. सुमारे ४८ एकरांच्या बेटाला नागमोडी तट पडला आणि महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडविला गेला की समुद्रावरून येणाऱ्यास तो सहसा दिसू नये.

परंतु होडीतून किल्ल्याकडे जाताना नावाडी सरळ रेषेत होडी हाकीत नाही, हे लक्षात येते. पाण्याखाली खडपे आहेत. कोठे वळावे, भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी कोणती वाट धरावी, हे ज्ञान नकाशातून नव्हे, तर पिढ्यांच्या सवयीने आलेले आहे. परक्या जहाजाला जे खडक घातक, तेच घरच्या होडीला आसरा देणारे होते. ओहोटीच्या वेळी दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे पायी चालत गेले, की या पाण्याखालच्या तटबंदीचा अंदाज येतो.

किल्ल्यातील श्रीशिवराजेश्वराचे मंदिर राजाराम महाराजांच्या काळचे मानले जाते. तेथील महाराजांच्या मूर्तीच्या मस्तकी राजमुकुट नाही. नावाड्याच्या टोपीशी जुळणारे शिरस्त्राण आहे. या समुद्रावरील सत्ता कोणाच्या खांद्यावर उभी होती, हे ती मूर्ती न बोलता सांगते. इंग्रजांनी १७६५ मध्ये किल्ला घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरकरांकडे परत गेला आणि १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे आले. ते नाव मात्र कोणाच्या तोंडी रुळले नाही.

याच पाण्यात १९८७ साली महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग, पद्मगड आणि भोवतालचे बुडीत खडक त्याच्या गाभ्यात येतात. याच खडकांवर प्रवाळ आणि समुद्रशेवाळ वाढते आणि त्यांच्या आश्रयाने मासळी राहते. तथापि ज्या मच्छीमारांचे पोट या पाण्यावर चालते, त्यांनी अभयारण्यास विरोध केला. आपली रापण आणि आपली होडी उद्या गुन्हा ठरेल, ही त्यांची भीती होती. ती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

मराठी राज्यनीतीचे पुस्तक म्हणून ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ याबाबत मार्ग दाखविते. आरमारासाठी लाकूड हवे असले, तरी आंबा-फणसासारखी झाडे धन्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून तोडू नयेत, असा त्यातील दंडक आहे. राज्याची गरज मोठी असली, तरी रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेले झाड तिच्या हाती न विचारता द्यावयाचे नाही, हा त्याचा आशय. समुद्र राखणे ही आजची गरज खरी. परंतु त्या दंडकातील संमती वगळली, तर उरते ती केवळ सक्ती.

२०२५ साली मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्ग आहे. तटाच्या दगडाला जगाची मान्यता मिळाली, हे आनंदाचे आहे. आपण तेथे जावे, तटावरून फेरी घालावी. परंतु ओहोटीच्या वेळी उघडे पडलेले खडकही पाहावे आणि नावाड्यास त्यांची नावे विचारावी. किल्ला, प्रवाळ आणि मच्छीमार यांचा इतिहास एकच आहे. त्यांतील एकाला सोडून दुसऱ्याचे रक्षण करू म्हटले, तर तिघांनाही धोका आहे.