काचेतला सौदा, दगडातला ठराव

मेळाव्यात गटाला स्मृतिचिन्ह मिळालं की आपण ते सगळ्यांना दिसेल असं कपाटावर ठेवतो. मोठमोठ्या कंपन्यांचे सौदे होतात, तेव्हाही अशीच स्मृतिचिन्हं वाटली जातात. आज आम्ही त्यांचा इतिहास सांगणार आहोत, कारण त्यात आपल्या गटाच्या कामाची एक गोष्ट आहे.

ही रीत अमेरिकेतली. १९२९ साली तिथला शेअर बाजार कोसळला आणि असंख्य साध्या माणसांची बचत बुडाली. म्हणून १९३३ साली कायदा झाला. लोकांकडून पैसा उभा करायचा असेल तर कंपनीने सगळी खरी माहिती माहितीपत्रकात द्यायची. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत गोडगोड बोलायचं नाही. कंपनीचं नाव, रक्कम, किंमत आणि व्यवहार करणाऱ्या बँकांची नावं, एवढंच छापायचं. अशा चौकटी पूर्वीही छापून येत, पण कायद्यामुळे तीच पद्धत पक्की झाली. ती कोरडी चौकट थडग्यावरच्या दगडासारखी दिसे, म्हणून तिला 'टूमस्टोन' म्हणजे थडग्याचा दगड असंच नाव पडलं.

त्याच दशकात काचेसारखं पारदर्शक ॲक्रिलिक बाजारात आलं. दुसऱ्या महायुद्धात ते विमानांच्या खिडक्यांना वापरलं गेलं. पुढे बँकवाल्यांनी त्या जाहिरातीची छोटी प्रत ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात बसवून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. साच्यात पातळ ॲक्रिलिक ओतायचं, मध्ये कागद किंवा छोटी वस्तू ठेवायची, वर पुन्हा थर द्यायचा आणि बुडबुडे राहू नयेत म्हणून उष्णता आणि दाब देऊन तो घट्ट करायचा. या वस्तूला तिकडे 'डील टॉय' म्हणतात, म्हणजे सौद्याचं खेळणं.

संगणक आणि इंटरनेटच्या कंपन्या वाढल्या, तशी ही खेळणीही नटली. कुठे चिपचा आकार, कुठे मोबाइलचा. सौदा जुळवणारे बँकवाले, वकील आणि कंपनीचे अधिकारी यांना एकेक मिळतं. त्यावर दोन्ही कंपन्यांची नावं, तारीख आणि बहुतेकदा रक्कम असते. पुढे त्या सौद्याचं काय झालं, हे मात्र त्यावर कधीच नसतं.

एक उदाहरण घेऊ. जानेवारी २००० मध्ये इंटरनेट सेवा देणाऱ्या एओएल कंपनीने टाइम वॉर्नर ही जुनी, मोठी माध्यम कंपनी घेण्याचा सौदा जाहीर केला. रक्कम सुमारे १६५ अब्ज डॉलर. जगभर गाजावाजा झाला. थोड्याच दिवसांत इंटरनेट कंपन्यांचे भाव घसरले. २००२ या एका वर्षात त्या जोडकंपनीला जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवावा लागला आणि २००९ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या. सौद्याच्या दिवशी रक्कम मोठी होती, म्हणून सौदा चांगला ठरला नाही.

सौद्याची आठवण जपण्याची दुसरी एक रीत आपल्या नाशिकला पाहायला मिळते. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर गरजांसाठी त्याने ३,००० कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळचे कारागिरांचे संघ. एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं, रीतीप्रमाणे नोंदवलं, हेही त्याच दगडावर कोरलं आहे.

मैत्रिणींनो, 'शेकडा'ची ही भाषा आपल्या ओळखीचीच आहे. शिलालेखात दात्याचं कौतुक आहेच, पण व्यवहाराच्या अटीही आहेत. त्यामुळे पैसा कुठे, किती दराने ठेवला हे आजही वाचता येतं.

आता आपल्याकडेही कर्जाच्या मंजुरीला मंचावर मोठा पुठ्ठ्याचा चेक देतात. एखादी कंपनी गटाचा माल घ्यायचा करार करते, फोटो होतो, ट्रॉफी मिळते. आनंद जरूर करावा, तो आपल्या कष्टाचा आहे. पण ट्रॉफीवर व्याजाचा दर नसतो. हप्ता चुकला तर दंड किती, विम्याचे पैसे कशातून कापणार, माल नाकारला तर वाहतूक खर्च कोणाचा, हेही नसतं.

म्हणून सही करण्याआधी करार गटाच्या बैठकीत मराठीतून मोठ्याने वाचून घ्या. जिला वाचता येत नाही, तिला समजेपर्यंत थांबा. अटी इतिवृत्तात लिहा, ठराव करा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि कराराची प्रत गटाकडे ठेवा. वर्षभराने तेच पान पुन्हा उघडा आणि ठरलं होतं ते मिळालं का, ते पाहा. मिळालं असेल तर त्या दिवशी पेढे वाटा.