प्रसूतीचे बदलते स्वरूप आणि कामकरी मातेची विश्रांती : सोलापूरच्या संदर्भात

शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांचे सोलापूर कापडगिरण्या व विडी या उद्योगांवर वाढले. येथील प्रसूतीचा इतिहास म्हणूनच स्त्रीश्रमाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे प्रतिपादन केले. १९२९ चा कायदा मात्र कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. घरी विड्या वळणारी स्त्री त्याबाहेर राहिली. तिला हा हक्क १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने दिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील २०.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २५.४ टक्के झाले. अडलेल्या प्रसूतीत ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. परंतु जखम भरून येईपर्यंत अधिक विश्रांती अपरिहार्य ठरते. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या स्त्रीचे उत्पन्न त्या काळात थांबते. नोंदणी नसेल, तर कायद्याचा लाभही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सारांश, प्रसूती नैसर्गिक की शस्त्रक्रियेने, या चर्चेत प्रसूतीनंतरच्या आधाराचा प्रश्न दुय्यम मानणे इतिहासाला धरून होणार नाही.