बिल्डमधले परके प्लगइन

लिहिलेल्या कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्याच्या क्रियेला बिल्ड म्हणतात. कोड कंपाइल करणे, चाचण्या घेणे, तयार फाइल सर्व्हरवर चढवणे ही कामे मेव्हन, ग्रेडल, जेंकिन्स अशी साधने आपोआप उरकतात. खरे राबतात ती त्यांची प्लगइन, आणि मेव्हन-ग्रेडलची प्लगइन बहुधा बिल्ड सुरू झाल्यावर इंटरनेटवरून उतरवली जातात. मुंबईतल्या कार्यालयात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याच्या मात्र लगेच येते. रेंज गेली की स्वतःच्या कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नसताना बिल्ड पडू शकते.

लायब्ररी आणि प्लगइन यांत एक भेद आहे. लायब्ररी तयार मालात जाते, म्हणून तिची थोडीफार तपासणी होते. प्लगइन मालात जात नाही, म्हणून त्याची चौकशी कुणी करत नाही. पण बिल्डला जे अधिकार, ते बहुतेक वेळा प्लगइनलाही मिळतात: पासवर्ड, सही करण्याच्या किल्ल्या, सर्व्हरवर लिहिण्याची परवानगी. माझ्या मते चाळणी त्यालाच अधिक बारीक हवी.

प्लगइनबाबत तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिला, कोणती आवृत्ती? बाहेरच्या प्लगइनची आवृत्ती लिहिली नाही, तर मेव्हन त्या वेळची ताजी आवृत्ती शोधते. मग सोमवारचे बिल्ड आणि शुक्रवारचे बिल्ड एकच राहीलच असे नाही. दुसरा, कुठून? अँड्रॉइडचे असंख्य प्रकल्प जेसेंटर या भांडारावर विसंबून होते. ते बंद करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली आणि जुन्या प्रकल्पांना पत्ते बदलत बसावे लागले.

तिसरा प्रश्न सगळ्यांत दुर्लक्षित आहे: आले ते तेच का? मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या संचातल्या, वीस हजारांहून अधिक प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या एका अ‍ॅक्शनचे जुने टॅग, म्हणजे आवृत्त्यांच्या चिठ्ठ्या, हल्लेखोराने घातक कोडकडे वळवले. अ‍ॅक्शन म्हणजे तिथल्या बिल्डचे प्लगइनच. ज्यांनी आवृत्तीचा क्रमांक नेमून दिला होता, तेही फसले, कारण क्रमांक तोच राहिला आणि आतला कोड बदलला. कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा, लिहून ठेवणारे बहुतांशी वाचले. ग्रेडलमध्ये ६.२ आवृत्तीपासून प्लगइनचे चेकसम, म्हणजे फाइलचे असेच ठसे, पडताळण्याची सोय आहे. ती फारशी वापरली जात नाही, ही गोष्ट निराळी.

बिल्ड बाहेरून काय काय मागते हे तपासण्याचा उत्तम उपाय तुटक्या लाइनच्या गावात आपसूक घडतो. नेट बंद करून बिल्ड चालवावे. मेव्हनला सगळे आधी उतरवून ठेवण्याची आज्ञा देता येते, तरी ती पुरत नाही. चाचण्या चालवणारे शुअरफायर प्लगइन आपला एक भाग ऐन चाचणीच्या वेळी ठरवते आणि तेव्हाच मागते. ऑफलाइन चालवल्याशिवाय ही लपलेली मागणी दिसत नाही. त्यावर उपाय म्हणजे नेक्सससारखे स्थानिक भांडार. एकदा आलेली वस्तू तिथे राहते आणि गटातले सगळे तिथूनच घेतात. आवृत्ती गोठवली की सुरक्षेच्या दुरुस्त्याही गोठतात, म्हणून नवी आवृत्ती वेगळ्या बदलातून, चाचणी घेऊन आणावी. नव्या कामाच्या गर्दीत हे उरकू नये.

भांडार जवळ आणले तरी उगम दूरच राहतो. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट पाहतात. मुक्तस्रोत प्लगइनचेही बरेचसे तसेच आहे. वापरणारे श्रीमंत, सांभाळणारा एकटा, बहुधा बिनपगारी. एक्सझेड हे फाइल दाबून लहान करणारे साधन, प्लगइन नव्हे, पण त्याची गोष्ट इथे लागू पडते. दमलेल्या एकट्या देखभालकर्त्याशी सलगी करून कुणीतरी त्यात चोरवाट घुसवली आणि २९ मार्च २०२४ रोजी ती उघड झाली. ती जागी करणारी ओळ सार्वजनिक कोडमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित गठ्ठ्यातल्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, ठेवण्याविषयी मार्गदर्शिका काढली. अशा याद्या सहसा तयार मालातले घटक मोजतात. बिल्डच्या वेळी काम करून गेलेले प्लगइन त्यांत बहुधा येत नाही. त्यासाठी वेगळा तक्ता ठेवावा लागतो: नाव, आवृत्ती, उगम, हॅश, आणि त्याला दिलेले अधिकार. यातला शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ जातो.