ज्याचे दुःख, त्याचा शब्द

अमेरिकेतील गुलामगिरीविषयी विद्यार्थ्यांना एखादे पुस्तक सुचवावयाचे झाले, तर बहुतेकांच्या ओठांवर पहिले नाव येते ते ‘अंकल टॉम्स केबिन’चे. हॅरिएट बीचर स्टोव या धर्मोपदेशकाच्या कन्येने लिहिलेली ही कादंबरी १८५१ मध्ये एका साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली आणि १८५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. पळून आलेल्या गुलामाला मुक्त राज्यांतूनही मालकाच्या हवाली करावे, असा कायदा १८५० मध्ये झाला होता. त्या कायद्याने व्यथित झालेल्या या गोऱ्या लेखिकेने हजारो गोऱ्या वाचकांच्या सदसद्विवेकाला जाग आणली. साहित्याच्या सामर्थ्याचे हे मोठे उदाहरण होय.

परंतु या कादंबरीच्या सात वर्षे आधी, १८४५ मध्ये, बोस्टन शहरात एक लहानसे पुस्तक निघाले होते. त्याचा लेखक होता फ्रेडरिक डग्लस. मेरीलँड राज्यात गुलामीत जन्मलेला आणि १८३८ मध्ये बाल्टिमोरहून निसटलेला हा तरुण. हे आत्मचरित्र लेखकाने स्वतः लिहिले आहे, असे मुखपृष्ठावर मुद्दाम छापावे लागले. आणि आरंभी दोन गोऱ्या गृहस्थांनी त्याच्या सच्चेपणाची ग्वाही दिली. काळ्या माणसाच्या साक्षीला गोऱ्याचे प्रमाणपत्र लागावे, यातच त्या काळाचा सारा इतिहास आला. साउथ कॅरोलायना वसाहतीने तर १७४० मध्येच गुलामांना लिहावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला होता.

ही दोन पुस्तके विद्यार्थ्यांसमवेत शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे मला सुचवावयाचे आहे. स्टोव बाईंचा टॉम सहनशील आहे, क्षमाशील आहे. तो मार खातो आणि प्रार्थना करीत प्राण सोडतो. वाचकाचे डोळे पाणावतात. तथापि पुढील काळात ‘अंकल टॉम’ हे नाव कृष्णवर्णीयांमध्ये शिवीसारखे वापरले जाऊ लागले. जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने १९४९ मध्ये एका निबंधात या कादंबरीवर कठोर टीका केली. चांगल्या हेतूने लिहिलेल्या पुस्तकावर एवढा रोष का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगा आहे. दयेने लिहिणारा लेखक पीडिताला अनेकदा केवळ दयेचा विषय करून टाकतो, हे त्याचे एक उत्तर. डग्लसच्या पुस्तकातील गुलाम मात्र विचार करतो, संतापतो, बेत आखतो आणि चाबूक उगारणाऱ्याचा हात धरतो. तो आपल्याकडे अश्रू मागत नाही. आपले म्हणणे ऐकून घ्या, एवढेच मागतो.

वंशाबरोबर वर्गाचा प्रश्न कसा गुंतलेला असतो, हेही डग्लसच दाखवितो. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून राहणार नाही, असे बजावून तिच्या नवऱ्याने ते बंद पाडले. स्वातंत्र्याची वाट कोठून जाते, हे त्या बोलण्यावरूनच मुलाला उमगले. पुढे तो गल्लीतील गरीब गोऱ्या मुलांकडून वाचावयास शिकला. त्याच्या मालकाच्या घरी भाकरीला तोटा नव्हता, आणि ही मुले भुकेली असत. तो त्यांना पाव देई, ती त्याला अक्षरे देत. काही वर्षांनी जहाजे बांधण्याच्या कारखान्यात गोऱ्या कामगारांनी त्याला बेदम मारले. काळे लोक आपली रोजी हिरावून घेतील, अशी त्यांना भीती होती. एकाच पुस्तकात एक गरिबी अक्षरे देते आणि दुसरी गरिबी हात उगारते. असे का व्हावे? विद्यार्थ्यांनी यावर तासभर वाद घातला, तरी तो तास सत्कारणी लागला असे समजावे.

आता आपल्या ख्रिस्तसभेकडे वळू. ज्या १८३८ साली डग्लस मेरीलँडमधून निसटला, त्याच साली त्याच राज्यातील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले लुइझियानातील मळेवाल्यांना विकली. आलेल्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेला. पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी पत्रक काढून गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. ज्यांना विकले ते बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक होते, हे वाचताना मान खाली जाते. २०१७ मध्ये येशूसंघाने त्यांच्या वंशजांसमोर या पापाची क्षमा मागितली. ज्यांची केवळ संख्या उरली होती, त्यांची नावे पुन्हा उच्चारली गेली. हा इतिहास आपल्या मुलांपासून लपवू नये. संतांची चरित्रे सांगणाऱ्या मुखाने हेही सांगितले, तर मुलांचा विश्वास डळमळत नाही, तो प्रौढ होतो.

अमेरिकेची ही कथा महाराष्ट्राला परकी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. त्याच्याही अठरा वर्षे आधी, १८५५ मध्ये, अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. तो लिहिला होता फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या किशोरवयीन मुलीने. वेद जर आम्हांला वर्ज्य, तर आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल तिने केला आणि आपल्या स्त्रियांना छपराविना बाळंत व्हावे लागते, हे उघड सांगितले. सावित्रीबाई व जोतीरावांची थोरवी आपण गातो ती शाळा काढल्याबद्दल. त्यांच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या दुःखाला स्वतःचे शब्द दिले, ही गोष्ट मला त्या थोरवीचा कळस वाटते. तिच्यावतीने कोणी लिहिले नाही. तिला लिहू दिले.

आपल्या धर्मग्रामांतील शाळांत व युवक-मंडळांत साहित्य वाचताना हेच सूत्र धरता येईल. दूर देशीच्या अन्यायावर हळहळणे सोपे असते. ती हळहळ आपल्या गावाच्या वेशीपाशी येऊन थबकते. भारतातील कॅथलिक महागुरूंनी २०१६ मध्ये दलितांच्या सबलीकरणाविषयी धोरण जाहीर केले, ते सभेतही जातिभेद शिरला आहे हे जाणूनच. म्हणून कोणतीही कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. या कथेत कोण बोलते? कोणाविषयी बोलले जाते, पण त्याला बोलू दिले जात नाही? आणि आपल्या वर्गात, आपल्या मंदिरातील बाकांवर, असे कोण आहे? मग वह्या काढावयास सांगाव्यात. पाड्यावरून चालत येणारी मुलगी, मोलमजुरी करणाऱ्या आईचा मुलगा, यांना आपले अनुभव आपल्या बोलीत लिहू द्यावेत. शुद्धलेखनाच्या चुका मागाहून पाहता येतील. ज्याला लिहावयाचे नसेल, त्याला मात्र भाग पाडू नये. दुःख सांगणे हा हक्क आहे, गृहपाठ नव्हे.

यरीहोच्या वाटेवर बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला लोक गप्प राहा म्हणून दटावीत होते. प्रभू येशू थांबला आणि त्याने त्यालाच विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे? त्याला काय हवे, हे प्रभूला ठाऊक नव्हते थोडेच! तरीही त्याने ते त्याच्याच तोंडून ऐकून घेतले. शिक्षकांनी, पालकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही मुलांपुढे पुस्तक उघडताना हा प्रसंग मनाशी ठेवावा, एवढीच विनंती.