शोकात श्रद्धेचा आधार किती?

पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या आवारात दोन समाध्या आहेत. एक महादेवभाई देसाईंची, दुसरी कस्तुरबांची. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी, बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. साठ वर्षांचा संसार कैदेत संपला.

बांसाठी पेनिसिलिन आणले होते. पण आता इंजेक्शने टोचू नयेत, ईश्वरावर भरवसा ठेवावा, असे गांधीजींनी मुलाला, देवदासला, समजावले. बा गेल्यावरही त्यांची प्रार्थना चुकली नाही. मात्र श्रद्धा होती म्हणून दुःख झाले नाही, असे नव्हे. वाटले होते त्याहून हा वियोग जड जातो आहे, अशी कबुली त्यांनी व्हाइसरॉय वेव्हेल यांना लिहिलेल्या पत्रात दिली. पुढे काही आठवड्यांतच त्यांना मलेरियाने गाठले. या वेळी मात्र त्यांनी क्विनाइन घेतले. ६ मे रोजी त्यांची सुटका झाली, ती ढासळलेल्या प्रकृतीमुळेच.

मलेरियाला कारण डास, शोक नव्हे. पण जोडीदार गेला की मागे राहिलेला माणूस खचतो, हे आपण घरोघर पाहतो. इंग्लंडमध्ये त्याची मोजदाद झाली. पत्नी वारलेल्या, पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ पुरुषांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण दगावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानाने हे प्रमाण चाळीस टक्क्यांनी अधिक होते. हृदयविकाराचे बळी त्यांत मोठे होते.

मग श्रद्धेने काही फरक पडतो का? २००२ मध्ये लंडनमधील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मरणासन्न रुग्णांच्या आप्तेष्टांची, मृत्यूनंतर चौदा महिने विचारपूस करण्यात आली. दृढ श्रद्धा असलेल्यांचा शोक हळूहळू ओसरत गेला. काहीच श्रद्धा नसलेल्यांचा चौदा महिन्यांनंतरही तसा ओसरला नव्हता. पण इथे मोजला गेला तो शोक; रक्तदाब किंवा हृदयाचे ठोके नव्हेत, हे विसरू नये.

श्रद्धा दुःखाला वाट करून देते, औषधाची जागा घेत नाही. घरात एखादे आजोबा एकटे पडले असतील, तर त्यांना भजनाला जरूर जाऊ द्यावे. निघताना रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढे मात्र आठवणीने विचारावे.