फायबरग्लास शिडनौकेचे पृष्ठ-नूतनीकरण

फायबरग्लासच्या बहुतेक शिडनौकांवर सर्वांत बाहेर जेलकोटचा सुमारे अर्धा मिलिमीटरचा थर असतो. उन्हाने तो निस्तेज होऊन खडूसारखी भुकटी सोडतो. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’, जिच्यावरून दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून घडवली होती. साच्याविना बांधलेल्या अशा नौकांवर जेलकोटऐवजी सहसा रंग असतो.

काम सुरू होते धुण्यापासून. जुने मेण आधी द्रावकाने काढावेच लागते, नाहीतर घासताना ते पृष्ठात रुतते व पुढचा रंग धरत नाही. जेलकोटचा थर पुरेसा जाड असल्यास ६००पासून १५०० क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने ओले घासून पॉलिश व मेण पुरते. थर झिजला असल्यास भेगा इपॉक्सी लांबीने भरून इपॉक्सी प्रायमर आणि दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग देतात. पाण्याखालील भागावरचे फोड फोडून, धुऊन, पूर्ण वाळवूनच भरावेत. वाळवण्यात केलेली घाई सर्वांत महाग पडते. डेकवर घसरणरोधी पोत हवाच.

कोकणातील दमट पावसाळ्यात रंग पांढरट पडतो, म्हणून कोरडा हिवाळा योग्य. काचतंतूंची धूळ व रंगातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने योग्य श्वसन-मुखवटा अनिवार्य आहे.